वारीत जात खरंच गळून पडते का, की वीस दिवसांपुरतंच?

पहिलीवारी:
यंदा आळंदी ते पंढरपूर पूर्ण चालायचं ठरवलंय, रजा मिळाली, मैत्रिणीच्या मामांच्या दिंडीत भिशीपण (जेवणखाणाचे पैसे) भरली. आमच्या घरात माळकरी कुणी नाही. बाबा म्हणतात तिथे सगळे माऊली माऊली करत एकमेकांच्या पाया पडतात आणि गावी परतले की स्मशान वेगळं, सोयरीक जातीतच, सगळं जिथल्या तिथे. मग चालून बदलतं काय? विठ्ठलाची ओढ मला आहेच, पण फक्त स्वतःच्या मनःशांतीसाठी जायचं हे मनाला पटत नाहीये. जे जाऊन आलेत त्यांनी खरं काय ते सांगा.

निरेकाठ:
माझ्या अकरा वाऱ्या झाल्यात ताई. बाबा निम्मं खरं बोलतायत, गावात पुष्कळ तसंच आहे, नाही म्हणून कसं चालेल. पण पहिल्या वर्षी दिवे घाट चढून वर आलो आणि माझ्या आजोबांच्या वयाचे एक बाबा वाकून माझ्याच पाया पडले, मला इतकं अवघडल्यासारखं झालं की रात्री झोप लागली नाही, की आपण गावात कुणाकुणापुढे वाकलोच नाही आजवर. हे पुस्तक वाचून नसतं झालं. आणि मुक्कामाला समाजआरती, म्हणजे सगळ्या दिंड्या जमून होते ती, चुकवू नकोस. पालखीची शिस्त राखणारे चोपदार हातातला दंड वर करतात, हजारो टाळ एकदम गप होतात, पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती टाळ वाजवतच राहते आणि चोपदारांना तिकडे जाऊन ऐकून घ्यावंच लागतं. तक्रार भक्तीच्या आड येत नाही हे मी तिथे शिकलो.

मंगळवेढ्याचा:
आमच्या बाजूने सांगतो. चोखोबा आमच्या मंगळवेढ्यात गावकुसाचं काम करताना भिंत पडून गेले, नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला नेल्या, समाधी महाद्वारासमोर आहे. माझी आजी लहानपणी आईबरोबर वारीला जायची ती तिथवरच. देऊळ समोर, आत जायचं नाही. तिथेच डोकं टेकून परत. शेकडो वर्षं अभंग म्हटले गेले, लाखो लोक चालले, तरी दार आपोआप उघडलं नाही. त्यासाठी साने गुरुजींनी आधी गावोगाव फिरून लोकांची मनं वळवली आणि मग १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात दहा दिवस उपोषण केलं, तेव्हा उघडलं. त्याच्याही आधी गाडगेबाबांनी तिथे चोखामेळा धर्मशाळा बांधली कारण आमच्या लोकांना उतरायला जागा नव्हती, पुढे ती त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. म्हणून माझं म्हणणं, वारी माणसाला आतून हलवते पण हललेल्या माणसाने घरी येऊन काही केलं नाही तर दार बंदच राहतं. तरी मी जातो. आजीला जे दर्शन मिळायला एवढी वर्षं लागली ते मी का सोडू?

तुळसवाली:
दादा, वाचून डोळ्यांत पाणी आलं. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर देवळातल्या बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरेचे हक्क गेले, हेही वारकऱ्यांनी वर्षानुवर्षं लावून धरलं म्हणूनच ना. पहिलीवारी, एक सांगते, दिंडीत पंगतीला नुसती बसू नकोस, वाढायला उभी राहा, खरकटं उचल. आमच्या दिंडीत आधी हे ठरलेल्या बायकाच करायच्या, आता पाळी लावलीये, त्यासाठी दोन वर्षं भांडलोय आम्ही.

पहिलीवारी:
सगळ्यांचे खूप आभार. बाबांना वाचून दाखवलं, ते मंगळवेढ्याच्या दादांचं उत्तर दोनदा वाचायला लावून गप्प बसलेत. दादा, मला आधी चोखोबांच्या समाधीवरच जायचंय.

मंगळवेढ्याचा:
जा नक्की. एकादशीला महाद्वारापाशी फार रेटा असतो, नीट टेकताही येत नाही. जमलं तर पौर्णिमेपर्यंत थांब आणि गर्दी ओसरल्यावर निवांत जा.