खिशातला चाकू: मुंबईत अडीच इंचांच्या वर कुणाला लागतं?

स्लोलोकल

मागच्या आठवड्यात ऑफिसातल्या एका पोरानं नवा चाकू आणला. साडेतीन इंचांचं काळं पातं, खिशाला अडकवायची क्लिप, अंगठ्यानं नुसतं ढकललं की 'खाट्' करून उघडतो. पँट्रीतल्या मावशी दोन पावलं मागे सरकल्या. त्यानं त्या चाकूनं कुरिअरचा एक खोका फोडला आणि चाकू परत खिशात. दिवसभरात तेवढंच काम. तेव्हापासून डोक्यात जे घोळतंय ते लिहितो, शिव्या घाला.

माझं म्हणणं असं. मुंबईत रोज जवळ बाळगायला घडीचा चाकू घ्यायचाच असेल तर अडीच इंचांच्या आतला घ्या. खटका, म्हणजे उघडलेलं पातं अडकवून धरणारा लॉक, नको, कात्री मात्र हवी. बाकी सगळी हौस.

हे हवेत बोलत नाही. आठवडाभर चाकू कशाकशाला काढला ते मी टिपून ठेवलं. खोके नऊ. चिवड्याच्या आणि दुधाच्या पिशव्या. शर्टाचा लोंबणारा दोरा. गोळ्यांची पट्टी अर्धी कापून सहकाऱ्याला दिली. नव्या चार्जरचं ते निर्दयी प्लास्टिक. हाराची नायलॉनची गाठ. एक हापूस. यातल्या निम्म्या कामांना पातं नाही, कात्रीच लागली. माझ्याकडे व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा सगळ्यात लहान, ५८ मिलिमीटरचा आहे. किल्ल्यांच्या जुडग्यात असतो, वजन २१ ग्रॅम, पातं जेमतेम दीड इंच. कंपनीचा संस्थापक कार्ल एल्सनरनं १८९७ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांसाठी म्हणून जो चाकू नोंदवला, त्याच घराण्यातलं हे शेंडेफळ.

मोठा चाकू मीही वापरलाय. तीन सव्वातीन इंची, लायनर लॉक नावाच्या खटक्याचा. बीकेसीतल्या एका इमारतीच्या फाटकावर बॅग स्कॅनरमधून गेली आणि वॉचमननं तो काढून घेतला. रीतसर चिठ्ठी दिली. संध्याकाळी चिठ्ठी दाखवली तर दुसऱ्या पाळीचा वॉचमन म्हणाला, "साहेब, ही चिठ्ठी आमची नाही." चाकू गेला तो गेलाच. किल्ल्यांना लटकलेल्या दीड इंचाला आजवर कुणी हात लावलेला नाही.

सह्याद्रीवेडा

पहिल्या वाक्यापासून असहमत. खटका म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे रामपुरी आणि टपोरी उभा राहतो. अहो, खटका बोटांसाठी असतो.

बिनखटक्याच्या चाकूत पातं फक्त पाठीच्या स्प्रिंगच्या जोरावर उभं असतं. धारेनं कापत असाल तोवर जोर पातं उघडण्याच्या दिशेनं पडतो, काही होत नाही. पण टोकानं भोक पाडायला गेलात, किंवा पातं रुतलं आणि वरखाली हलवून सोडवायला गेलात, की जोर पाठीवर येतो आणि पातं मिटतं. मिटताना मध्ये काय असतं? तुमची तर्जनी. राजमाचीच्या वाटेवर बुटाचा तळ सुटला होता, दोरी ओवायला भोक पाडत होतो. चार टाके पडले. डाव्या हाताला अंगठी घालतात तशी खूण आहे, उजव्या हाताच्या बोटावर.

तुमच्या यादीत नऊ खोके आहेत. खोका फोडताना टोक आधी आत जातं की नाही?

स्लोलोकल

टाक्यांबद्दल वाईट वाटलं. पण बुटाच्या तळाला भोक पाडायला आरी असते, पात्याचं टोक नव्हे. स्विस चाकूंच्या मोठ्या मॉडेलांत पाठीला ती असते. हत्यार चुकीचं आणि दोष खटक्याच्या नसण्याला?

शिवाय लायनर लॉक म्हणजे आतली पत्र्याची पट्टी पात्याच्या बुडाखाली सरकून बसते, एवढंच. तिथे खिशातला कचरा, सुपारीचा भुगा, मुंबईची धूळ साचली की ती अर्धवट बसते. आपण खटका लागला समजून निर्धास्त जोर लावतो. आणि मिटताना अंगठा पात्याच्या वाटेतच ठेवावा लागतो. बिनखटक्याचा चाकू निदान खोटा धीर देत नाही.

सह्याद्रीवेडा

मग लायनर लॉक घेऊ नका, बॅक लॉक घ्या. पाठीवरची पट्टी दाबायची, बोट वाटेत येत नाही. आणि सुपारीचा भुगा खिशात ठेवणाऱ्यानं आधी खिसा झाडावा.

कशाला_हवंय

स्टेशनरीच्या दुकानात सरकता कटर मिळतो. धार गेली की टोकाचा तुकडा मोडायचा, पुढचा ताजा. नऊ खोके त्यानं फुटतात. हापूस घरी जाऊन खावा. धागा संपला.

इंदूताई_गिरगाव

कशाला_हवंय, हापूस घरी जाऊन खावा हे वाचून मे महिन्यात ऑफिसात बसलेल्या माणसांची कीव आली. आणि कटरचं पातं तेल लावलेलं असतं हो, त्यानं आंबा कापणार?

तुम्ही दोघं इथे इंच आणि खटके मोजताय, मुंबईतल्या चार महिन्यांच्या पावसाचं कुणीच बोलेना. माझ्या भाच्यानं मला ओपिनेल दिला, फ्रान्सच्या सावोआ नावाच्या भागातला. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची मूठ, आठ नंबर, म्हणजे पातं साडेआठ सेंटिमीटर. मानेशी फिरती कडी आहे, ती फिरवली की पातं अडकतं. ती कडी त्यांनी १९५५ मध्ये आणली, त्याआधी ६०-६५ वर्षं हा चाकू बिनखटक्याचाच विकला जात होता. म्हणजे तुमचं भांडण त्यांच्याकडे आधीच होऊन गेलंय.

सांगायचं ते निराळंच. जुलै उजाडला आणि माझा चाकू उघडेना. लाकूड फुगलं आणि खाचेनं पातं आवळून धरलं. नखं तुटली. शेवटी भाच्यानं फोनवर सांगितलं, मुठीचं बूड टेबलावर आपट, पात्याचं टोक वर येईल. आपटलं, आलं. त्यांच्याकडे म्हणे ही जुनीच युक्ती आहे, तिला सावोआकरांचा ठोका म्हणतात. माझ्या टेबलाला पोचा पडला. आता दरवर्षी वैशाखातच मुठीला आणि खाचेला जवसाचं तेल पाजते.

दुसरं म्हणजे माझा कार्बन स्टीलचा आहे. पहिली कैरी चिरली आणि पातं काळंनिळं पडलं. भाचा घाबरला, मला हसू आलं. आमच्या घरची विळी सत्तर वर्षं काळीच आहे आणि नव्या सुरीपेक्षा बरी चालते. पण विळी आपण चिरून झाली की पुसून, कोरडी करून पाट आडवा ठेवतो. खिशातला चाकू घामात आणि ओल्या रुमालाशेजारी असतो. तिथे कार्बन टिकत नाही. खारा वारा सुटला की रात्रीत तांबूस ठिपके. स्टेनलेसचाच घ्या, ओपिनेलमध्येही आयनॉक्स लिहिलेला मिळतो.

सह्याद्रीवेडा

ताईंना +१. भर घालतो: सध्या स्वस्तातल्या चाकूंवर 'डी-२' हे पोलादाचं नाव छापलेलं असतं आणि विकणारा बेधडक स्टेनलेस सांगतो. त्यात क्रोमियम बाराएक टक्के असलं तरी बरंचसं कार्बनशी बांधलेलं असतं, गंज रोखायला उरतं थोडंच. धार महिनोन्महिने टिकते, पण ऑगस्टच्या एका ट्रेकमध्ये माझ्या पात्यावर नकाशा उमटला. स्विस चाकूचं पोलाद मऊ, कडकपणाच्या मापात साधारण ५६ रॉकवेलचं. धार लवकर जाते आणि लगेच लागतेही.

इंदूताई_गिरगाव

धार चहाच्या कपानं लावायची. चिनीमातीचा कप उपडा करा, बुडाची खरखरीत, झिलई नसलेली कड असते, तिच्यावर पातं तिरपं धरून हलक्या हातानं. आमचे वडील तसंच करायचे. फक्त सायकलवाल्या धारवाल्याकडे एवढासा चाकू देऊ नका. विळी-कोयत्याला त्याचं चाक ठीक. लहान पातं ठिणग्या उडेपर्यंत घासलं की टोकाशी तापून निळं पडतं, पाणी उतरतं. मग कितीही धार लावा, दुसऱ्या दिवशी बोथट.

टपरीवरचा_तज्ज्ञ

मोठा चाकू ठेवायला का घाबरता? कायद्यानं ९ इंचांपर्यंत सगळं चालतं. बिनधास्त ठेवा.

कोर्टाबाहेरचा

टपरीवरच्या या एका वाक्यापायी लोक अडकतात, म्हणून जरा सविस्तर.

९ इंचांचा आकडा शस्त्र नियम, २०१६ मधला. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रं त्या नियमांतल्या शस्त्रांच्या यादीत येतात, आणि घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक कामासाठी बनवलेली त्यातून वगळलेली आहेत. तुम्ही फक्त लांबी पाठ केली.

पण मुंबईत प्रश्न तिथे संपत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१, कलम ३७. या कलमाखाली पोलीस आयुक्त आदेश काढून ठरावीक काळासाठी शस्त्रं, लाठ्याकाठ्या, चाकू, आणि इजा करण्याजोगी कोणतीही वस्तू सार्वजनिक जागी बाळगायला मनाई करू शकतात. असा आदेश १५ दिवसांच्या वर ठेवायचा तर राज्य सरकारची मंजुरी लागते, आणि मुंबईत असे आदेश वेळोवेळी निघत असतात. त्यात इंचांचा हिशेब नसतो. तुम्ही कुठे होतात, किती वाजता, कशासाठी, आणि विचारल्यावर काय बोललात, यावर सगळं येतं. किल्ल्यांच्या जुडग्यातला दीड इंच आणि कमरेला खोचलेला साडेतीन इंच यांच्याकडे हवालदार एका नजरेनं बघत नाही. बघूही नये.

म्हणून स्लोलोकल यांच्या बाजूनं माझं मत, कारण मात्र वेगळं. कात्री आणि नखांची कानस सोबत असली की ती वस्तू कशासाठी आहे हे ती स्वतःच सांगते.

अवांतर: विमानानं जात असाल तर असलं काहीही हातातल्या बॅगेत नको, चेक-इनच्या सामानात टाका. किल्ल्यांना लटकलेला लोक हमखास विसरतात.

रात्रपाळी

इतका वेळ वाचतेय. सगळे आंबे आणि खोके. मी रुग्णालयात काम करते, रात्री साडेअकराच्या पुढची गाडी पकडते. माझ्या पर्समध्ये खटक्याचा चाकू आहे आणि तो खोक्यांसाठी नाही. अडीच इंच आणि कात्री घेऊन मी काय करू, समोरच्याची नखं कापू?

स्लोलोकल

हसलो आणि लगेच ओशाळलोही. पण तरीही नको म्हणेन. चाकू पर्समधून निघून उघडेपर्यंत समोरचा अंगावर आलेला असतो, आणि ओढाताणीत पातं कुणाच्या हातात राहील सांगता येत नाही. ११२, महिलांसाठी मुंबई पोलिसांचा १०३ आणि रेल्वेचा १३९ फोनमध्ये वरच ठेवा. शिट्टी बरी.

कोर्टाबाहेरचा

आणि 'खोक्यांसाठी नाही' हे वाक्य चौकीत कधीही उच्चारू नका. वर म्हटलं तसं, कशासाठी ठेवला यावरच सगळं अवलंबून असतं.

रात्रपाळी

तुमचं दोघांचं बरोबर असेल. पण शिट्टी ऐकायला डब्यात कुणीतरी असावं लागतं. तुम्ही स्लो लोकलनं जाता, साडेआठच्या. चाकू काढणार नाही मी बहुतेक कधीच, हे मलाही माहीत आहे. तरी पर्समध्ये हात घातला की तो लागतो, आणि कुर्ल्यापर्यंत बरं वाटतं. हे तुमच्या यादीत कुठे लिहाल?

स्लोलोकल

कुठेच नाही. यादी माझी होती, हे मान्य.

कशाला_हवंय

मी अजून कटरवरच आहे. आणि बातमी वाचली असेलच, २०२४ मध्ये त्या स्विस कंपनीनंच सांगितलं की पातं नसलेल्या मॉडेलांवर काम चालू आहे. म्हणजे तुमचा चाकूवालाच चाकू काढून टाकायला निघालाय.

इंदूताई_गिरगाव

पातं काढलं तर उरलेलं नखं कापायचं साहित्य. त्यासाठी स्वित्झर्लंड कशाला, आमच्या गल्लीच्या तोंडाशी मिळतं.

सह्याद्रीवेडा

बरं, तडजोड सांगतो. शहरात तुमचा दीड इंची, डोंगरावर माझा बॅक लॉक, तोही सॅकच्या आत, खिशात नाही. नागदेवी स्ट्रीटला हत्यारांच्या दुकानांत हातात घेऊन बघा, ऑनलाइन फोटोत मूठ कळत नाही. स्विस चाकूंतला मोठा, ९१ मिलिमीटरवाला मात्र मी कुणालाच सांगणार नाही, पँटचा खिसा फाटतो.

स्लोलोकल

तडजोड अर्धीच मान्य. डोंगरावरही मी आरीवालाच नेईन.

टपरीवरचा_तज्ज्ञ

स्लोलोकल, ती बीकेसीची चिठ्ठी आहे का अजून? परत जाऊन भांडा की.

स्लोलोकल

आहे, पाकिटात. 'चाकू घडीचा, नग १' असं लिहिलंय. खाली 'परत मिळाला' आणि सहीची रेघ आहे, ती कोरी. दोन वर्षं झाली. परवा लॅमिनेट करून घेतली, आणि लॅमिनेशनच्या कडा त्या दीड इंचीच्या कात्रीनंच कापल्या.