घरातल्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो: आपापले अनुभव सांगावेत

धागाकर्ता: येत्या रविवारी नातीचा पहिला वाढदिवस आहे. रांगोळीचे साचे शोधण्यासाठी माळा उपसताना जुना कॅमेरा हाती लागला आणि तिच्या आईचा, म्हणजे माझ्या मुलीचा, 1991 मधला पहिला वाढदिवस आठवला. रोलची जीभ चाकात नीट अडकली नव्हती, त्यामुळे लिव्हर ओढला की आकडा पुढे सरकत होता आणि रोल मात्र जागचा हलत नव्हता. 36 चा आकडा उलटून 39 झाला तेव्हाच शंका यायला हवी होती. मी उलट तीन फोटो फुकट मिळाले म्हणून खूश होतो. स्टुडिओवाल्याने नारिंगी, कोरी पट्टी हातात ठेवली. सौ. दोन दिवस बोलली नाही.

नाशिककर: काका, लिव्हर ओढताना डावीकडची घुंडी फिरते का, हे पाहायचे असते. मला हे मावसबहिणीच्या साखरपुड्यानंतर कळले.

डोंबिवलीकर: आमच्या फोटोंत भिंतीवर काळपट आडवे पट्टे उमटले होते. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्याने चोकवाली ट्यूब सेकंदाला 100 वेळा मंद-प्रखर होते आणि मी पळत्या बाळासाठी शटर 1/500 वर ठेवला होता. 1/100 वर आणताच पट्टे गेले, पण टाळ्या वाजवणारे हात पुसट आले. शेवटी पाट खिडकीपाशी नेला, ट्यूब बंद केली आणि मी जमिनीवर पालथा पडलो. तेवढेच फोटो जमले. दिवे मालवून कुठे वाढदिवस करतात का, हे आजेसासूबाईंचे वाक्य मात्र अजून ऐकतो.

सांगलीहून: औक्षणाला फ्लॅश वापरू नये, निरांजनाची ज्योत पार फिकी पडते. मी फ्लॅश बंद करून ज्योतीवर फोकस साधत होतो, तेवढ्यात चिरंजीवांनी तबकातली सुपारी उचलून तोंडात घातली. कॅमेरा तसाच टाकून धावलो. सुपारी निघाली, त्या क्षणाचा फोटो म्हणजे सतरंजीचा तिरका पट्टा आणि आत्याच्या पायाचा अंगठा.

एक आई: आमच्याकडे 140 फोटो आहेत. त्यांपैकी एकात मी आहे, तीही पाठमोरी, हातात पातेले घेऊन.

नाशिककर: पातेल्यात काय होते?

एक आई: मसालेभात. तोही मला शेवटी उरला नव्हता.

बेळगावहून: सायंकाळी सातची वेळ पाहुण्यांच्या सोयीची असते, वर्षाच्या मुलाच्या नव्हे. धाकटीच्या वेळी आम्ही शहाणे झालो आणि सकाळी दहाला, झोप आणि मऊभात झाल्यावर, टोपी न घालता फोटो उरकले. थोरलीच्या प्रत्येक फोटोत ती टोपीचे रबर हनुवटीखालून ओढताना दिसते. तिथे उठलेला लाल वळही स्पष्ट आला आहे.

धागाकर्ता: सर्वांचे आभार. पाट खिडकीपाशी, वेळ सकाळी दहाची, आणि ओवाळून होताच सुपारी पणजीच्या मुठीत, असे ठरले आहे. पातेल्याचा विषय सौ.ने वाचला असून तिला किमान दहा फोटोंत समोरून यायचे आहे. शिवाय शेजारच्या मुलाने मोबाइलवरही फोटो काढावेत, अशी अट तिने घातली आहे. 39 चा आकडा ती विसरलेली नाही.