मदत हवी आहे: गुहागरला परसात कोंबड्या पाळायच्या आहेत

मंडळी, परसातल्या कोंबड्यांबद्दल वाचत सुटले आणि आता स्वतःच्या आठ-दहा हव्यातच असं वाटतंय. गावठी कोंबडी खुडूक बसते, एकवीस दिवसांत पिल्लं काढते, कशी कशी त्यांना चरायला शिकवते, हे वाचून मन भरत नाही! गिरिराज, वनराजा या सुधारित जाती अंडी जास्त देतात, पण खुडूक क्वचितच बसतात म्हणे. म्हणून माझा कल गावठीकडेच.

खरी काळजी पावसाची. जांभ्याच्या चिऱ्यांचं खुराडं बांधलं तर आत ओल धरेल का? जमीन उंच घ्यावी, की खाली तूस पसरून भागेल? मुंगसापासून राखण कशी करता? राणीखेत रोगाची लस थोड्याच पिल्लांसाठी कुठे मिळते? आणि तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आणाव्यात की पिल्लं?