मदत हवी आहे : लोणीच्या प्रवरा अभिमत विद्यापीठात फिजिओथेरपी – पदवीचे स्थान, शुल्क आणि पुढील नोंदणी

नमस्कार.

माझी मुलगी यंदा बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाली असून तिने नीटही दिली आहे. एमबीबीएससाठी पुरतील एवढे गुण तिला मिळालेले नाहीत आणि आणखी एक वर्ष थांबून तीच परीक्षा पुन्हा देण्याची तिची इच्छा नाही. तिच्या आजोबांना अर्धांगवायूचा झटका आल्यानंतर त्यांच्याकडून घरी व्यायाम करून घेण्यासाठी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंना तिने आठ महिने जवळून पाहिले आहे. फिजिओथेरपी ही तिने स्वतः, विचारपूर्वक केलेली निवड आहे, त्यामुळे तो विषय आमच्यापुरता संपलेला आहे. प्रश्न उरतो तो संस्थेचा.

आम्ही संगमनेर तालुक्यात राहतो. आमच्यापुढे दोन पर्याय आहेत. एक म्हणजे लोणीची प्रवरा इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस, जिला आमच्याकडची जुनी माणसे अजूनही 'पीएमटी' किंवा नुसते 'प्रवरा' म्हणतात. दुसरे नाशिक जिल्ह्यातील एक विनाअनुदानित महाविद्यालय असून ते महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. पहिले ठिकाण घरापासून जवळ आहे, तेथील रुग्णालय आमच्या कुटुंबाच्या परिचयाचे आहे आणि नात्यातील दोघीजणी तेथे परिचारिका म्हणून शिकल्या आहेत. तरीही 'अभिमत' या शब्दाशी माझे मन अडखळते. 'अभिमत म्हणजे खासगी, खासगी म्हणजे पैसे भरून मिळणारी पदवी' असे एका सहकाऱ्याने सांगितले, तर दुसऱ्याने 'अभिमत म्हणजे स्वायत्त, उलट अधिक चांगले' असे ठामपणे सांगितले. मी व्यवसायाने शिक्षक असल्यामुळे दोन्ही मते बाजूला ठेवून आधी संस्थेचा इतिहास वाचून काढला.

त्यातून मला समजले ते असे. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील यांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या साहाय्याने प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५० मध्ये त्याचे गाळप सुरू झाले. त्या कारखान्याच्या सभासदांच्या बळावर १९६४ मध्ये शिक्षण संस्था निघाली, पुढे सत्तरच्या दशकात वैद्यकीय न्यास आणि रुग्णालय आले, आणि १९८४ मध्ये बाळासाहेब विखे पाटील यांच्या पुढाकाराने रूरल मेडिकल कॉलेज सुरू झाले. नंतर दंतवैद्यक, फिजिओथेरपी, नर्सिंग अशा शाखा जोडल्या गेल्या आणि २००३ मध्ये केंद्र सरकारने या सर्वांना मिळून अभिमत विद्यापीठाचा दर्जा दिला. आज तेथे एमबीबीएस, एमडी, एमएस, बीडीएस, एमडीएस, फिजिओथेरपी आणि नर्सिंगच्या पदवी व पदव्युत्तर शिक्षणापासून जैवतंत्रज्ञान आणि पीएच.डी.पर्यंतचे अभ्यासक्रम आहेत.

माझी अडचण अशी की, हा सारा इतिहास वाचूनही माझ्या मुलीच्या पदवीविषयी मला काहीच ठरवता येत नाही. संस्थेचे वय आणि रुग्णालयाची कीर्ती ही फिजिओथेरपीच्या विद्यार्थिनीच्या कितपत उपयोगी पडते? अभिमत विद्यापीठाच्या पदवीवर राज्यात नोंदणी होण्यास किंवा पुढे परदेशी जाण्यास काही अडथळा येतो का? मुलींसाठी राज्य सरकारने जाहीर केलेली शुल्कमाफी दोन्हीकडे सारखीच मिळते का? आमचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे आणि आम्ही इतर मागासवर्गात मोडतो, म्हणून हा शेवटचा प्रश्न आमच्यासाठी लहान नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

सर, नमस्कार. मी लोणीच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या अगदी सुरुवातीच्या तुकड्यांपैकी एकीत शिकलो आणि आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहे, तेव्हा इतिहासाच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे त्यातच आहे.

आपण १९८४ हे साल लिहिले आहे, पण तेच साल का, हे आपल्या टिपणात आलेले नाही. १९८३ च्या सुमारास वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्याने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी देण्याचे धोरण स्वीकारले. त्यापूर्वी आमच्या भागातील मुले खासगी वैद्यकीय शिक्षणासाठी कर्नाटकात जात. मणिपालचे महाविद्यालय १९५३ पासून होते आणि बेळगावचे १९६३ पासून. धोरण बदलताच ज्यांच्याकडे रुग्णालय, जमीन आणि सहकाराचे जाळे आधीच तयार होते, ते सर्वांत आधी पुढे सरकले. लोणी आणि कराड या दोन्ही ठिकाणी १९८४ हेच साल सापडते, आणि दोन्हीकडे मागे साखर कारखाना दिसतो, हा योगायोग नाही. या धोरणावर टीका पुष्कळ झाली आणि ती निराधार नव्हती. देणगीच्या नावाखाली घेतल्या जाणाऱ्या रकमांचा प्रश्न १९९२ आणि १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. आपल्या सहकाऱ्याच्या मनातील शंका त्या काळातून आली आहे, एवढेच मी म्हणेन.

माझ्या पदवी प्रमाणपत्रावर पुणे विद्यापीठाचे नाव आहे. १९९८ मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि राज्यातील वैद्यकीय महाविद्यालये तिकडे संलग्न झाली. म्हणून माझ्यानंतरच्या काही तुकड्यांच्या कागदपत्रांवर नाशिकचे नाव येते. २००३ नंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदवीवर प्रवरेचे नाव आहे. म्हणजे एकाच इमारतीतून, बऱ्याच अंशी त्याच शिक्षकांच्या हाताखालून बाहेर पडलेल्या तीन पिढ्यांच्या पदव्या तीन वेगवेगळ्या विद्यापीठांच्या आहेत. रुग्णालयातील खाटा आणि बाह्यरुग्ण विभागातील गर्दी मात्र कुठल्याही विद्यापीठाची नसते, ती आजूबाजूच्या गावांची असते. फिजिओथेरपीच्या मुलीला अस्थिरोग, मेंदू व मज्जासंस्था, अतिदक्षता, बालरोग आणि प्रसूती या सर्व विभागांतील रुग्ण हवे असतात. मोठे सर्वोपचारी रुग्णालय त्याच आवारात असणे हा तिच्यासाठी खरा लाभ आहे. नाशिक जिल्ह्यातील त्या महाविद्यालयाकडे स्वतःचे रुग्णालय आहे की विद्यार्थ्यांना दुसऱ्या रुग्णालयात पाठवतात, हे आपण लिहिलेले नाही. ते आधी पाहावे.

प्रतिसाद २

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि गेली काही वर्षे इंग्लंडमध्ये काम करते. माझे शिक्षण लोणीला नव्हे, तर पुणे जिल्ह्यातील एका महाविद्यालयात झाले, तेव्हा प्रवरेविषयी काही सांगण्याचा मला अधिकार नाही. नोंदणीविषयी मात्र सांगू शकते.

दादा, 'खासगी' आणि 'अभिमत' हे दोन शब्द आपल्याकडे एकच समजले जातात, पण कायद्याने ते वेगळे आहेत. खासगी विद्यापीठ राज्याच्या विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन होते. अभिमत विद्यापीठाला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातील तिसऱ्या कलमानुसार केंद्र सरकार दर्जा देते, आणि त्याची पदवी कायद्याच्या दृष्टीने इतर कोणत्याही विद्यापीठाच्या पदवीइतकीच ग्राह्य असते. (२०१७ मध्ये आयोगाने या संस्थांना नावात 'युनिव्हर्सिटी' शब्द वापरण्यास मनाई केली, म्हणून पाट्यांवर 'इन्स्टिट्यूट' आणि खाली कंसात 'अभिमत विद्यापीठ' असे लिहिलेले दिसते. अनेक पालक त्या कंसामुळेच बिचकतात.)

परंतु विद्यापीठाला पदवी देण्याचा अधिकार असणे आणि त्या पदवीवर व्यवसाय करण्याचा अधिकार मिळणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. डॉक्टर, दंतवैद्य आणि परिचारिका यांच्यासाठी देशपातळीवरील परिषदा फार पूर्वीपासून आहेत. परिचर्या परिषदेचा कायदा तर १९४७ चा आहे. फिजिओथेरपीला तशी केंद्रीय परिषद कित्येक दशके नव्हती. महाराष्ट्रात राज्याची व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद आहे आणि राज्यात व्यवसाय करण्यासाठी तिच्याकडे नोंदणी लागते. देशपातळीवरील सहयोगी आरोग्य व्यवसाय आयोगाचा कायदा २०२१ मध्ये झाला. त्यामुळे विद्यापीठ कितीही जुने असले, तरी आपली मुलगी शिकणार असलेल्या व्यवसायाची राष्ट्रीय चौकट अगदी नवी आहे, हे लक्षात ठेवावे. आमच्या वेळी पदवी साडेचार वर्षांची होती, त्यात सहा महिन्यांची आंतरवासिता होती. आता नव्या आयोगाच्या अभ्यासक्रमात एक वर्षाच्या आंतरवासितेसह पाच वर्षे आहेत. आपल्या मुलीच्या तुकडीला कोणती रचना लागू होणार, हे दोन्ही महाविद्यालयांकडून लेखी घ्यावे. अर्ध्या वर्षाचा फरक खर्चातही पडतो.

परदेशाविषयी विचारले आहे, म्हणून अनुभवाचे सांगते. येथील हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल पदवी कोणत्या विद्यापीठाची आहे याला फारसे महत्त्व देत नाही. प्रत्येक विषयात काय शिकवले, प्रात्यक्षिकांचे किती तास झाले आणि कोणत्या विभागात किती आठवडे रुग्णांवर काम केले, याचा तपशील मागते. तो तपशील पदवीनंतर सात-आठ वर्षांनी मिळवताना माझ्या तोंडाला फेस आला, कारण दरम्यान अभ्यासक्रम बदलला होता आणि जुनी प्रत सहजासहजी मिळत नव्हती. आपल्या मुलीला पहिल्या दिवसापासून प्रत्येक वर्षाची अभ्यासक्रम पुस्तिका आणि रुग्णालयातील कामाची नोंदवही जपून ठेवायला सांगा. महाविद्यालय आणि विद्यापीठ एकाच आवारात असले, तर हे कागद मिळवताना एक फेरी वाचते, आणि हा अभिमत विद्यापीठाचा एक छोटा फायदा मी मोकळेपणाने मान्य करते.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, पण आपल्या शेवटच्या प्रश्नाला कोणी हात घातलेला नाही, आणि माझ्या मते आपला निर्णय त्याच्यावरच फिरणार आहे.

राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये काढलेल्या निर्णयानुसार इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागासवर्ग आणि आर्थिक दुर्बल घटकांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत आहे. मात्र ती शासकीय, अनुदानित आणि विनाअनुदानित महाविद्यालयांत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतल्यासच मिळते. अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे त्यातून वगळलेली आहेत. शिवाय विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते, अभिमत विद्यापीठांचे ठरवत नाही. म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्यातील पर्यायात मुलीचे शिक्षण शुल्क शून्य होऊ शकते, आणि लोणीत पूर्ण भरावे लागेल. वसतिगृह आणि भोजनाचा खर्च या सवलतीत येत नाही, तेव्हा लोणीला घरून ये-जा करता येत असेल, तर तेवढी वजाबाकी अवश्य करावी. पण चार-पाच वर्षांच्या शुल्काची बरोबरी तेवढ्याने होईल, असे मला वाटत नाही.

प्रवेशाचा मार्गही वेगळा आहे. संलग्न महाविद्यालयांतील फिजिओथेरपीचे प्रवेश नीटच्या आधारे राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या फेऱ्यांतून होतात. अभिमत विद्यापीठांतील एमबीबीएस आणि बीडीएसचे प्रवेश २०१७ पासून दिल्लीच्या वैद्यकीय समुपदेशन समितीमार्फत, राज्याचा रहिवासी दाखला न मागता होतात. फिजिओथेरपी आणि नर्सिंगसाठी मात्र ही विद्यापीठे आजवर स्वतःची प्रवेश परीक्षा घेत आली आहेत. लोणीच्या भरवशावर राज्याच्या फेरीची नोंदणी चुकवू नका. ती तारीख एकदा गेली की सवलतीचा मार्गच बंद होतो. ओबीसी असल्याने नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र चालू आर्थिक वर्षात वैध आहे ना, हे आजच काढून पाहा. दरवर्षी याच एका कागदावाचून अडलेले पालक मी पाहतो.

मूळ प्रश्नकर्ता

तिघांचेही मनःपूर्वक आभार. डॉक्टरसाहेब, आपण विचारल्यावर लगेच नाशिक जिल्ह्यातील त्या महाविद्यालयात दूरध्वनी केला. त्यांचे स्वतःचे रुग्णालय आहे, पण ते लहान असून मज्जासंस्थेच्या आणि अतिदक्षतेच्या कामासाठी मुलांना जिल्हा रुग्णालयात पाठवले जाते. किती आठवडे पाठवतात, हे तेथील कार्यालयाला सांगता आले नाही. विभागप्रमुखांना भेटा, असे सुचवले आहे. ताई, आपण सांगितलेली अभ्यासक्रम पुस्तिका दोन्हीकडे मागणार आहे. नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चलाच संपलेली निघाली, त्यामुळे उद्या सकाळी पहिले काम सेतू केंद्रात जाण्याचे आहे, आणि राज्याच्या फेरीची नोंदणी त्यानंतर त्याच दिवशी करीत आहे.

शुल्काचा आकडा पाहिल्यावर माझे मन नाशिककडे झुकले आहे, मुलीचे अजून लोणीकडेच आहे. म्हणून एक शेवटची विनंती. नाशिक जिल्ह्यात किंवा आसपास शिकलेल्या आणि जिल्हा रुग्णालयात आंतरवासिता केलेल्या एखाद्या फिजिओथेरपिस्टने येथे लिहिले, तर फार बरे होईल : तेथे रुग्णाला प्रत्यक्ष हात लावून काम करायला मिळते, की मागे उभे राहून नोंदी घेण्यातच दिवस जातो?