बँकमित्र आणि आईचा अंगठा

गावात बँकमित्र, म्हणजे बँकेच्या वतीने गावातच पैसे देणारा-घेणारा प्रतिनिधी आला, आता शाखेची गरजच काय, असं म्हणतात. अर्धं पटतं. रिझर्व्ह बँकेने २००६ मध्ये बँकांना असे प्रतिनिधी नेमायला परवानगी दिली, त्यामुळे पैशासाठी तालुक्याला मारायची एसटीची खेप वाचली, हे खरंच.

पण आमच्या आईचा अंगठा! जन्मभर खुरपून, भांडी घासून रेषाच उरल्या नाहीत. बँकमित्राच्या ठसे ओळखणाऱ्या मशीनवर तीनदा ठेवला, पदराला पुसून परत ठेवला. नाहीच. शेवटी मधलं बोट चाललं. पासबुक भरायला मात्र शाखाच गाठावी लागली. तिथे मी म्हटलं, सत्तरीपुढच्यांना घरपोच सेवा द्या असं रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक आहे. काउंटरवरचे साहेब मान वर न करता आईला म्हणाले, "असं काही नसतं हो आजी."