मोजल्यावर 178 येतात, मग 180 आले कुठून?

खडूवाला

नमस्कार मंडळी. जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला गणित शिकवतो. तत्त्वज्ञानाशी संबंध बी.एड.च्या एका पेपरपुरता, तोही काठावर पास. तरी इथे विचारतोय, कारण गणित शिक्षकांच्या गटात विचारलं तर 'सिद्धता शिकवा की, त्यात काय' एवढंच ऐकून घ्यावं लागलं.

मंगळवारी प्रत्येकाला हवा तसा त्रिकोण काढायला लावला. कोनमापकाने तिन्ही कोन मोजा, बेरीज सांगा. मी आकडे फळ्यावर लिहीत गेलो. 179, 181, 180, 178, 182, मध्येच एक 196 (त्या पठ्ठ्याने कोनमापक उलट्या बाजूने वाचला होता). बरोब्बर 180 नऊ जणांचे आले, आणि त्यातल्या चौघांनी शेजारच्या वहीत डोकावलेलं मी स्वतः पाहिलं. तरी सवयीने बोलून गेलो, "बघा, सगळ्यांची बेरीज 180 येते."

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सगळ्यांची नाही आली सर. माझी 178 आली."

म्हटलं, तुझं मोजताना चुकलं असेल.

"तुम्ही माझा त्रिकोण मोजलाच नाही. मग चुकलं हे तुम्हाला कसं कळलं?"

मग आमचं ठरलेलं अस्त्र काढलं: कागदाचा त्रिकोण, तिन्ही कोपरे फाडा, टोकं एकत्र आणून चिकटवा, सरळ रेषा होते. तिने चिकटवले. मध्ये बारीकशी फट राहिली. तिने ती फट मला बोट ठेवून दाखवली.

तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. 180 जर मोजून कळले असतील, तर तिच्या 178 ला माझ्या 180 इतकाच मान हवा. आणि मोजून कळले नसतील, तर मी त्यांना मोजायला का लावलं? बघितल्या-मोजल्याशिवाय कळणारं असं काही खरंच असतं का, की आम्ही मास्तर मंडळी पुस्तकात छापलंय म्हणून ठामपणे सांगतो?

लिंबूटिंबू

दहा रुपयांची कंपासपेटी घेतली की हेच होणार. कोनमापक बदला.

खडूवाला

बदलला. फळ्यावरचा मोठा लाकडी घेतला. 181.

ओसरी

सर, त्या मुलीला माझा नमस्कार सांगा. मी तत्त्वज्ञानात एम.ए. केलंय, आणि हा प्रश्न इतक्या सरळ शब्दांत आमच्या वर्गात कुणी विचारला नव्हता.

आधी एक साधी कसोटी. 'सगळे कावळे काळे असतात' असं तुम्ही शिकवलंत आणि एखादं पोर पांढरा कावळा घेऊन आलं, तर तुम्ही काय कराल? बघाल, चकित व्हाल, आणि म्हणाल की बरं, बहुतेक कावळे काळे असतात. नियम मागे हटतो. त्रिकोणाच्या वेळी मात्र ती 178 घेऊन आली आणि तुम्ही नियमाला धक्का लागू दिला नाहीत. दोष कोनमापकाला दिलात, पेन्सिलीच्या जाड टोकाला दिलात, तिला दिलात. ती एकटी काय, 31 हजार मुलांनी 178 आणले असते तरी तुम्ही कोनमापकाच्या कारखान्यात चौकशी केली असती. जे ज्ञान अनुभवासमोर असं हटून बसतं, त्याला आमच्याकडे अनुभवनिरपेक्ष म्हणतात. प्रागनुभविक असाही एक जड शब्द आहे.

'पण कोन म्हणजे काय हे तरी बघूनच कळलं ना?' असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांटने 'शुद्ध बुद्धीची चिकित्सा' या ग्रंथाच्या 1787 च्या आवृत्तीची सुरुवातच त्यावर केली आहे: आपलं सगळं ज्ञान अनुभवाबरोबर सुरू होतं, पण म्हणून ते सगळं अनुभवातूनच निपजतं असं नाही. मुलं फाडाफाडी करून त्या गोष्टीपर्यंत पोचतात. ती खरी का, याचं उत्तर मात्र फाडलेल्या कागदात नसतं. शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढा, दोन्हीकडचे व्युत्क्रम कोन जुळवा, वर सरळ कोन तयार. या सगळ्यात एकही कोन मोजलेला नाही.

प्लेटोच्या 'मेनो' संवादात सॉक्रेटिस हेच करून दाखवतो. शाळेचं तोंड न पाहिलेल्या एका गुलाम मुलाला तो विचारतो, या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस कसा काढशील? पोरगा म्हणतो, बाजू दुप्पट करतो. मग त्याच्याच लक्षात येतं की त्याने चौपट झालं. शेवटी तो कर्णावर येऊन पोचतो. सॉक्रेटिस म्हणतो, मी काही शिकवलं नाही, नुसतं विचारत गेलो.

खडूवाला

ताई, कावळ्याचं पटलं. सॉक्रेटिसचं नाही. तुम्ही सांगितल्यावर तो भाग वाचला. बहुतेक ठिकाणी तो पोरगा 'हो', 'बरोबर', 'तसंच' एवढंच म्हणतो, आणि कर्णही सॉक्रेटिसच काढून दाखवतो. मी रोज "कळलं का?" विचारतो आणि वर्ग एका सुरात "होऽऽऽ" म्हणतो. त्यावरून ज्ञान त्यांच्यात आधीपासूनच होतं असं ठरवलं, तर घटक चाचणी घ्यायलाच नको!

आणि आपल्याकडचे लोक यावर काय म्हणतात?

ओसरी

हा हा, घटक चाचणीचा मुद्दा मान्य.

आपल्याकडे हा प्रश्न याच साच्यात बसत नाही. न्यायदर्शनात चार प्रमाणं, म्हणजे ज्ञान मिळवायची साधनं: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द. पण न्यायसूत्रांत अनुमानाला 'तत्पूर्वक' म्हटलंय, म्हणजे त्याच्या आधी प्रत्यक्ष हवंच. डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे आग आहे हे कळतं, कारण स्वयंपाकघरात धूर आणि आग जोडीने पाहिलेली असते. त्यावर फक्त प्रत्यक्षच मानणारा चार्वाक विचारतो, पाहिलेल्या चार चुलींवरून न पाहिलेल्या डोंगराची खात्री कशी देता? तुमच्या मागच्या बाकावर चार्वाक बसलाय, सर.

जुनी दुर्बीण

मास्तर, मी निवृत्त माणूस. भूमापनात हयात गेली. तत्त्वज्ञान कळत नाही, त्रिकोण कळतात.

आमचे त्रिकोण वहीतले नव्हेत. एका डोंगराच्या माथ्यावर थिओडोलाइट (कोन मोजायची दुर्बीण) लावायचा आणि तीस-चाळीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या माथ्यावर मदतनीस आरसा धरून बसलाय, त्याची तिरीप दुर्बिणीत पकडायची. धुरकट हवा असली की दिवस वाया. असे तिन्ही कोन पुन्हा पुन्हा वाचायचे आणि बेरीज करायची.

आता ऐका. बेरीज 180 येतच नाही, आणि यायलाही नको! जमीन गोल आहे. 50 किलोमीटर बाजूंचा समभुज त्रिकोण घेतला तर क्षेत्रफळ साधारण 1082 चौरस किलोमीटर. पृथ्वीवर दर 197 चौरस किलोमीटरमागे एक सेकंद (अंशाचा 3600 वा भाग) जादा निघतो. म्हणजे बेरीज 180 अंश आणि साडेपाच सेकंद यायला हवी. आमची समजा सात सेकंदांनी जास्त आली, तर साडेपाच पृथ्वीचे आणि दीड आमच्या डोळ्यांचा. तो दीड तिन्ही कोनांत वाटून काढून टाकायचा. मोठ्या त्रिकोणांत ही गोलाईची वजावट, भारताचं त्रिकोणी भूमापन सुरू करणाऱ्या लॅम्बटनच्या काळापासून चालत आली आहे. 1802 मध्ये मद्रासला त्यांनी पायारेषा (पहिल्या त्रिकोणाची बाजू) मोजून काम सुरू केलं, 1823 मध्ये आपल्या हिंगणघाटला ते वारले. कबर तिथेच आहे, मी मुद्दाम बघून आलोय.

तुमच्या पोरीला एवढंच सांगा: बेरीज किती यायला हवी हे आधी ठाऊक नसतं, तर माझं दीड सेकंद चुकलंय हे मला कळलंच नसतं. नुसत्या मोजण्यातून चूक सापडत नाही. मोजलेला आकडा नुसता आकडा असतो.

ओसरी

काका, तुम्ही कांटची पंचाईत केलीत. त्याला वाटत होतं की युक्लिडची भूमिती हाच जगाकडे बघण्याचा आपला एकमेव साचा, म्हणून ती जगाला लागू पडणारच. तो 1804 मध्ये गेला. 1829 मध्ये रशियात लोबाचेव्हस्कीने आणि 1832 मध्ये हंगेरीत बोल्याईने अशी भूमिती छापली, जिच्यात त्रिकोणाची बेरीज 180 पेक्षा कमी भरते, आणि तरी आत कुठेही विसंगती नाही. मी वर जी सिद्धता दिली तिच्यात 'अशी समांतर रेषा एकच निघते' हे मी गुपचूप गृहीत धरलं होतं. त्यांनी तेवढंच काढून घेतलं.

म्हणजे सर, 'या गृहीतकांवर बेरीज 180' हे अजूनही मोजल्याशिवाय पक्कं आहे. पण माझ्या पायाखालची जमीन ती गृहीतकं पाळते का, हे जमिनीलाच विचारावं लागतं. आइनस्टाइनने 1921 च्या बर्लिनच्या व्याख्यानात साधारण हेच सांगितलं: गणित जेवढं पक्कं, तेवढं ते जगाबद्दल बोलत नाही.

मग 'अनुभवाशिवाय ज्ञान' उरलं का? माझ्या मते उरलं, पण त्याची किंमत मोजून. माझ्या सरांना हे मान्य नसायचं, ते म्हणायचे याला ज्ञान म्हणू नकोस, करार म्हण.

खडूवाला

आज चेंडू घेऊन गेलो. वरच्या टोकापासून मधल्या पट्ट्यापर्यंत खडूने दोन रेषा, पट्ट्यावर तिसरी. तिन्ही कोपऱ्यांत पोस्टकार्डाचा कोपरा लावून पाहिला: काटकोन, काटकोन, काटकोन. 270. वर्ग ओरडला, "रेषा वाकड्या आहेत, सर!" म्हटलं, दोरा ताणून बघा. ताणला. दोरा बरोब्बर खडूवरच बसला. दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही, म्हणजे आमच्या वर्गात विक्रमच.

काकांचा दीड सेकंदही सांगितला. मुलीने वही उघडली, 178 खोडलं नाही. समोर 'मोजलेले' लिहिलं, खाली 180 आणि त्यापुढे 'असायला हवे'. मी मंगळवारी केलेली लाल फुली माझ्याच पेनने गिरवून बरोबरची खूण केली. फार काही चांगली दिसत नाही.

जाताना तिने विचारलं, "सर, परीक्षेत यातलं कुठलं लिहायचं?"

180 लिही म्हटलं. आणि भराभर स्टाफरूम गाठली.