संध्याकाळच्या कबड्डी आणि खो-खोच्या छायाचित्रांसाठी कोणती टेलिफोटो लेन्स घ्यावी?

प्रश्न (धाराशिव)

नमस्कार. मी मूळचा धाराशिवचा असून सध्या छत्रपती संभाजीनगर येथे पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षात शिकत आहे. आमच्या जिल्ह्यात खो-खो हा जिव्हाळ्याचा खेळ आहे. २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळालेल्या सारिका काळे आमच्याच जिल्ह्याच्या. त्यामुळे क्रीडाछायाचित्रण हाच विषय घेऊन पुढे जावे, असे मनापासून वाटते. माझ्याकडे कॅननचा १५००डी कॅमेरा आणि त्याच्यासोबत मिळालेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स आहे (मिलिमीटरचा आकडा जितका मोठा, तितके दूरचे जवळ दिसते). दिवसा छायाचित्रे बरी येतात, पण दिव्यांच्या प्रकाशातील कबड्डीत चढाईपटूचे हातपाय पुसट होतात आणि चेहरा अंधारात जातो. साठवलेले २२,००० रुपये हाताशी आहेत. दुकानदार ५५-२५० घ्या म्हणतात, तर वर्गातील एक मित्र ७०-२०० एफ/२.८ (एफचा आकडा जितका लहान, तितका लेन्समधून जास्त प्रकाश आत येतो) मिळेपर्यंत काहीच घेऊ नकोस असे बजावतो. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (लातूर)

मी बरीच वर्षे वृत्तपत्रासाठी मैदानावरची छायाचित्रे काढत आलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. दुकानदार आणि मित्र दोघेही लेन्सपासून सुरुवात करत आहेत. तुम्ही मैदानापासून करा. तुमच्या कॅमेऱ्याच्या सेन्सरच्या, म्हणजे आत चित्र टिपणाऱ्या भागाच्या, आकाराचा विचार केला, तर एक सोपा हिशेब हाताशी ठेवता येतो: खेळाडूपासूनचे अंतर मीटरमध्ये मोजून त्याला दहाने गुणावे, म्हणजे उभ्या चौकटीत पूर्ण खेळाडू नीट बसेल एवढी मिलिमीटरची लेन्स लागते. पुरुषांचे कबड्डीचे मैदान १३ बाय १० मीटरचे असते. कोपऱ्याबाहेर तीन-चार मीटरवर बसलात, तर बहुतेक चढाया आणि पकडी तुमच्यापासून पाच ते बारा मीटरवर घडतात. म्हणजे कबड्डीला २५० मिलिमीटरची गरजच नाही. ८५ मिलिमीटर पुरते.

खरी अडचण प्रकाशाची आहे. ५५-२५० ही लेन्स पूर्ण लांबवल्यावर एफ/५.६ पर्यंतच उघडते. एफ/२.८ ला तिच्या चौपट प्रकाश आत येतो आणि एफ/१.८ ला जवळजवळ दहापट. चढाईपटू वळतो तो क्षण गोठवायला शटरचा वेग किमान १/५०० सेकंद असावा लागतो, शक्यतो १/८००. लेन्समधील स्थिरीकरण तुमच्या हाताचा कंप थांबवते, खेळाडूचा वेग थांबवत नाही, ही गोष्ट जाहिरात वाचताना लक्षात राहत नाही.

पैसे देण्यापूर्वी एक चाचणी अवश्य करा, तिला एक रुपयाही लागत नाही. तुमची सध्याची लेन्स ५५ वर नेली की तीही एफ/५.६ लाच उघडते, म्हणजे प्रकाशाच्या बाबतीत ती ५५-२५० च्या लांब टोकासारखीच वागते. सरावाच्या वेळी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनक्षमता) ६४०० ठेवा आणि चेहरा नीट उजळण्यासाठी शटर किती खाली आणावे लागते ते वहीत लिहा. १/१२५ आले, तर एफ/२.८ वर तिथेच १/५०० मिळेल आणि एफ/१.८ वर साधारण १/१२००. एवढ्या एका आकड्यावरून तुमचा निर्णय होईल. माझा कल ८५ मिलिमीटर एफ/१.८ कडे आहे. जुनी पण निगा राखलेली मिळाली, तर ती तुमच्या रकमेच्या आसपास बसावी. मात्र आठ मीटरवर एफ/१.८ ठेवल्यास जेमतेम ६० सेंटिमीटर खोलीच स्पष्ट येते. पकडीत चार जण एकावर एक कोसळतात, तेव्हा त्यातला एकच चेहरा टिपला जातो. म्हणून प्रकाश असेल तिथे एफ/२.५ पर्यंत जा. फोकस सर्वो पद्धतीवर (हलत्या खेळाडूचा सतत माग काढणाऱ्या) ठेवा आणि फोकसचा मधलाच बिंदू वापरा, कारण १५००डीमध्ये नऊ बिंदूंपैकी तोच सर्वांत भरवशाचा आहे.

उत्तर २ (परभणी)

वरील हिशेब योग्य आहे, परंतु निष्कर्षाशी मी पूर्ण सहमत नाही. आपल्याकडच्या शालेय आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा मोठ्या प्रमाणात दिवसा, उघड्या मातीवर होतात. खो-खोचे मैदान २७ बाय १६ मीटरचे. एका खांबामागे बसल्यावर जवळच्या खांबावरचा सूर पाच-सहा मीटरवर, तर पलीकडच्या खांबाजवळची धाव तीस मीटरवर असते. तिथे ८५ मिलिमीटर घेऊन बसलेल्या माणसाला अर्धा सामना नुसता पाहावा लागतो. दिवसा ५५-२५० उत्तम काम देते, वजन ३७५ ग्रॅम असल्याने तीन सामने सलग हातात धरता येते, आणि शिकणाऱ्याला कोणते अंतर आपल्याला रुचते तेही तिच्यावरच कळते. एक सूचना मात्र जरूर करतो: एप्रिल-मेमध्ये दुपारी तापलेल्या मातीवरून हवा थरथरते, तेव्हा दूरचे छायाचित्र मऊ आले तर लेन्सला दोष देऊ नका. सकाळी नऊच्या आत काढून पाहा.

उत्तर ३ (नांदेड)

जुनी लेन्स घेणार असाल, तर मोबाइलचा दिवा एका बाजूने आत सोडून दुसऱ्या बाजूने पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी आहे. अशी लेन्स कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. चार-दोन धूलिकणांनी चित्रात फरक पडत नाही. वाचकांपैकी कोणाकडे निकॉनचा डी३५०० असेल, तर ८५ मिलिमीटरची जुनी ‘डी’ लेन्स घेऊ नये, कारण फोकसची मोटर त्या लेन्समध्येही नसते आणि त्या कॅमेऱ्यातही नसते. ‘एएफ-एस’ लिहिलेलीच घ्यावी. लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारा, दुप्पट लांबी देणारा एक्स्टेंडर लावण्याचा विचारही नको, त्यात प्रकाश चौथ्या हिश्शावर येतो. आणि मातीच्या मैदानावर लेन्स बदलायचीच झाली, तर वाऱ्याकडे पाठ करून, कॅमेऱ्याचे तोंड खाली ठेवूनच बदलावी.

मूळ प्रश्नकर्ता (धाराशिव)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल संध्याकाळी सरावाच्या मैदानावर जाऊन चाचणी केली. मध्यरेषेजवळ आयएसओ ६४०० वर १/१०० मिळाले, आणि ज्या कोपऱ्यात मी नेहमी बसतो तिथे केवळ १/६०, कारण त्या बाजूचा दिवा बंद आहे. म्हणजे एफ/५.६ ची कोणतीही लेन्स तिथे चालणार नाही, आणि एफ/२.८ वरही त्या कोपऱ्यात १/२५० च्या पुढे जाता येणार नाही. परभणीच्या उत्तरातील मुद्दाही मला पटतो, परंतु दिवसाचे खो-खो सामने मी सध्याच्या लेन्सने खांबाजवळ बसून अजून एक हंगाम काढू शकतो. रात्रीची कबड्डी मात्र आज मला काढताच येत नाही. त्यामुळे ८५ मिलिमीटर एफ/१.८ शोधण्यास सुरुवात केली आहे, आणि प्रशिक्षकांना विचारून बसण्याची जागा उजेडाच्या कोपऱ्यात हलवून घेतली आहे.